सराव झालेले उंदीर

निवृत्तीनंतर मी नांदेडला राहते आणि सकाळी फिरायला जाते. बाकावर बसलेल्या बायका नव्या माणसाला आधी हेच विचारतात, तुम्ही कुठं होतात? कुणी शाळेत असते, कुणी बँकेत, कुणी तहसीलला. मी म्हणते, लातूरच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवत होते आणि मेंदूतल्या रिसेप्टरांवर काम करत होते. मग एखादी धीर करून विचारते, "म्हंजे नेमकं काय करत होतात?" मी सांगते, "उंदरांना घाबरवत होते आणि मग औषध देऊन त्यांची भीती घालवत होते." त्यावर हमखास पुढचा प्रश्न येतो, "मग आधी घाबरवायचंच कशाला?" अनुदान देणाऱ्या समितीनंसुद्धा मला कधी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

तर काम असं होतं. सुताराकडून आम्ही एक लाकडी चौक करून घेतला होता. अधिकच्या चिन्हासारखा, कमरेइतक्या उंच पायांवर उभा. समोरासमोरच्या दोन वाटांना भिंती, उरलेल्या दोन वाटा उघड्या, त्यांच्या कडेला काही नाही आणि खाली फरशी. पांढऱ्या उंदराला मधोमध ठेवायचं आणि पाच मिनिटं बघत बसायचं. उंदीर भिंतींच्या गल्लीत घुसून बसतो, कारण उघड्यावर त्याला भीती वाटते. त्याला आधी भीतीवरचं औषध टोचलेलं असेल, तर मात्र तो उघड्या वाटेवरही हिंडतो, कडेवरून खाली डोकावतो, गावच्या पाटलासारखा चालतो. उघड्यावर तो किती हिंडला यावरून औषध किती लागू पडलं ते कळतं. या एवढ्याशा गोष्टीवर जगभरातल्या माणसांनी आपापल्या पदव्या मिळवलेल्या आहेत, त्यात मीही आले.

आता रिसेप्टर म्हणजे काय, हेही सांगून टाकते, नाहीतर पुढं अडेल. मेंदूतल्या पेशींवर ठरावीक जागा असतात, एसटीतल्या सीटांसारख्या. ठरावीक रसायन येऊन त्या जागेवर बसलं की पेशीत काहीतरी घडतं. काही औषधं नुसता खिडकीतून रुमाल टाकतात. बसत कुणी नाही, पण सीट अडते आणि दुसऱ्यालाही बसता येत नाही. भीतीवरची आमची औषधं वेगळी. मेंदूचा ब्रेक दाबणारं रसायन मेंदूतच असतं. औषध त्याच्या शेजारी, ड्रायव्हरजवळच्या बॉनेटवर बसावं तसं बसतं आणि "सावकाश, सावकाश" म्हणत राहतं. त्याच्या हातात काही नसतं, पण त्याच्या म्हणण्यानं ब्रेक जरा जास्त दाबला जातो. रोज अहमदपूरहून लातूरला एसटीनं येता-जाता मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे, की वर्गात दुसरं उदाहरण द्यायची मला कधी गरज पडली नाही.

उंदरांचं घर नबीभाई सांभाळायचे. त्यांच्या घराण्याचं गंजगोलाईत अत्तराचं जुनं दुकान होतं. ते भावाकडे गेलं आणि अत्तरवाल्याच्या या मुलाला नोकरी मिळाली ती उंदरांच्या वासात. पण तक्रार नाही. रोज कानात अत्तराचा फाया ठेवून यायचे, पिंजरे धुवायचे आणि उंदरांशी दखनीत गप्पा मारायचे. प्रयोग संपला की उंदरांचे मेंदू काढावे लागतात. त्या दिवशी नबीभाई रजा टाकायचे. मी त्यांची रजा कधी नाकारली नाही. मला स्वतःला रजा टाकता येत नसे, याचं वाईट अजूनही वाटतं.

मग भूकंप झाला. गणपती विसर्जनाहून माणसं दमून येऊन झोपली होती आणि पहाटे जमीन हलली. दक्षिणेकडच्या गावांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी इथं सांगणार नाही. लातूर शहर बरंचसं उभं होतं, पण त्यात झोपायला कुणी तयार नव्हतं. वकील, डॉक्टर, हमाल, कॉलेजचे प्राचार्य, सगळे रस्त्यावर, मैदानात, दुभाजकावर. बाजेवर मच्छरदाणी, मच्छरदाणीत ट्रान्झिस्टर. मीही तेव्हा अहमदपूरच्या घरी न जाता आमच्या कॉलेजच्या मैदानावर झोपत होते. उजाडलं की चौकाशी जायचे आणि उंदीर भिंतींच्या आड पळताना पाहायचे. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की आम्हा माणसांना या चौकावर ठेवलं असतं तर आम्ही सगळे उघड्या वाटेवर जाऊन बसलो असतो आणि पुस्तकाप्रमाणे आमची नोंद 'निर्भय' अशी झाली असती.

त्याच सुमारास चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणालं, की जनावरांना भूकंप आधी कळतो. नबीभाई तिथं उभे होते. ते म्हणाले, "मंग काय तर. आमच्याकडं शंभर हायत."

दुसऱ्या दिवसापासून उंदरांच्या घरासमोर माणसं जमायला लागली. आधी आमचे शिपाई, मग शेजारच्या गल्लीतले लोक, मग टेम्पो करून आलेले. खिडकीतून पाहायचे आणि विचारायचे, "काय म्हनतेत?" नबीभाई गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "आराम करून राहिले. खैरियत हाय." तेवढ्यावर माणसं समाधानानं परत जायची. एक दिवस दोन नर भांडले, तर संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली सामानासकट मैदानात आली. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, की उंदरांच्या तब्येतीचा फलक रोज दहा वाजता दारावर लावत चला. मी म्हटलं, सर, हे शास्त्राला धरून नाही. ते म्हणाले, "म्याडम, शास्त्राचं बघू नंतर. आमच्या मिसेस घरात यायला तयार न्हाईत." फलक लागला. मी 'उंदीर सामान्य' असं लिहायचे. अहमदपूरच्या स्टॅंडवर कंडक्टरसुद्धा तिकीट देता देता विचारायचा, "सामान्य हायत ना?"

भूकंपाच्या पहाटे हे उंदीर काय करत होते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नबीभाई घरी झोपलेले होते आणि मीसुद्धा.

हळूहळू लोक घरात झोपायला लागले आणि गर्दी ओसरली. फक्त एक माणूस यायचा थांबला नाही. ते शेळके सर. सडपातळ, नीट भांग पाडलेला, शर्टाच्या खिशात खडूचा डाग. भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांचं गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं. विसर्जनाहून उशिरा आले म्हणून ते अंगणातच बाजेवर पडले होते. आई-वडील आणि धाकटा भाऊ आत. बायको आणि लहानगी मुलगी वैशाली देवणीला बायकोच्या माहेरी होत्या म्हणून वाचल्या. दगड-मातीचं घर, वर मातीचं जाड छत. एवढं त्यांनी मला एकदाच सांगितलं. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. पण रोज संध्याकाळी सायकल लावून खिडकीशी यायचे.

"शांत हायत ना, म्याडम?"

"शांत आहेत, सर."

"बरं," म्हणायचे आणि जायचे. लातुरात त्यांनी भाड्यानं घर घेतलं होतं. बायको-मुलगी घरात झोपायच्या आणि सर अंगणात. पावसाळ्यात ताडपत्री, थंडीत दोन रजया. स्लॅबखाली ते पाऊल टाकत नसत. बँकेत जायचं झालं तर पायरीवर उभे राहायचे आणि मॅनेजर बाहेर यायचा.

अशा माणसानं शिकवणी तरी कुठं घ्यायची? मैदानात. चार बांबू, वर शामियाना, एक फळा. पुढच्या वर्षी त्यांच्या वर्गातली पोरं बारावीला चमकली आणि मग लातूरचं जे झालं ते झालं. गावोगावच्या बसमधून ट्रंका उतरायला लागल्या. गल्लीगल्लीत खानावळी, खोल्या, पाट्या. पालकांनी शेळके सरांचा वर्ग पाहिला आणि एकच निष्कर्ष काढला, की यश मोकळ्या हवेत आहे. समोरच्या क्लासवाल्यानं दुसऱ्याच आठवड्यात आपल्या शेडचे पत्रे काढले आणि 'खुल्या आभाळाखाली गणित' अशी पाटी लावली. तिसऱ्यानं तर गच्चीवर वर्ग नेला. पोरांना ऊन लागून चक्कर यायची, पालक म्हणायचे, मेहनतीशिवाय काय मिळतंय.

सरांना सगळं कळत होतं, पण खरं सांगायची सोय राहिली नव्हती. पोरं इतकी वाढली की शामियाना पुरेना. शेवटी त्यांनी स्वतःच्या क्लासची तीन मजली इमारत बांधली. उद्‌घाटनाला फीत कापली, पाहुण्यांना "या, या आत" म्हणाले आणि स्वतः बाहेर थांबले. मग शिकवणं असं चालायचं, की सर समोरच्या कडुलिंबाखाली माईक घेऊन उभे, प्रत्येक मजल्यावर कर्णा, आणि प्रत्येक वर्गात एकेक सहायक, सर बोलतील ते फळ्यावर लिहायला. आकृती काढायची झाली की पोरं खिडकीत गोळा व्हायची आणि सर मातीत काठीनं आकृती काढायचे. दोलन आणि कंपनांचा धडा मात्र ते सहायकांना देऊन टाकायचे. बाहेरगावचे पालक हे बघून हात जोडायचे. त्यांना वाटायचं, ही काहीतरी आधुनिक पद्धत आहे.

या काळात माझ्याकडं भूकंपवाले यायचे बंद झाले होते, पण परीक्षावाले यायला लागले. कुठून तरी बातमी पसरली होती, की उंदीरवाल्या म्याडमकडं डोक्याचं औषध आहे. शिरूर अनंतपाळचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, "ह्याच्या ध्यानात र्‍हाईना. उंदराला देता तेच द्या, लेकरासाठी मागं-पुढं बगनार न्हाई." मी समजावून सांगितलं, की माझं औषध भीतीवरचं आहे, स्मरणावरचं नाही. उलट ते घेतलं तर लक्षात राहणं कमीच होतं. गृहस्थ बराच वेळ विचार करत बसले. मग खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "मंग ते ह्याच्या खोलीतल्या दुसऱ्या पोराला देता येईल का?"

मी आयुष्यात बरीच व्याख्यानं दिली, पण औषधाचा परिणाम इतक्या लवकर कुणाला कळलेला मी पाहिला नाही.

आणि ऐन याच दिवसांत माझ्या प्रयोगाचं दिवाळं निघालं. नेहमीचंच औषध, वर्षानुवर्षं चालत आलेलं, अचानक चालेना. औषध टोचलेले उंदीर आणि नुसतं पाणी टोचलेले उंदीर सारखेच वागायला लागले. सगळे सरळ भिंतींच्या गल्लीत. मी औषधाची नवी बाटली मागवली. मग सुया बदलल्या. लातूरच्या पाण्यावर शंका घेतली, कारण लातुरात कशाचंही खापर पाण्यावर फोडता येतं. उंदरांचा खुराक बदलला. दोन महिने वाया गेले. समितीचे लोक प्रगती बघायला येणार होते आणि माझ्याकडं दाखवायला भित्र्या उंदरांखेरीज काही नव्हतं.

एक दिवस माझी बस लवकर पोचली. उंदरांच्या घरातून शिटीचा आवाज येत होता. आत पाहिलं तर नबीभाई गळ्यात शिटी अडकवून चौकाशी उभे, एकेक उंदीर मधोमध सोडतायत, थोड्या वेळानं शिटी वाजवतायत आणि उचलून दुसरा ठेवतायत. पिंजऱ्यांवर खडूनं बॅचचे नंबर टाकलेले.

"नबीभाई, हे काय?"

"सराव, म्याडम," ते म्हणाले. "उद्या ह्यांचा पेपर हाय न्हवं? असं एकदम कोऱ्या टाळक्यानं बसवायचं म्हंजे जुलूम हाय. माझी नातवंडं रोज एक सराव पेपर सोडवतेत. अख्खं लातूर करून राहिलं. मंग ह्या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलंय?"

मी भयंकर चिडले. दोन महिने. मी चौकावरच डोकं टेकून बसले. नबीभाई घाबरून म्हणाले, "फी घेत न्हाई म्याडम मी."

राग उतरल्यावर मी ग्रंथालयात गेले आणि मिळतील ती जुनी नियतकालिकं काढून वाचली. तिथं ते सगळं होतं. परदेशातल्या लोकांनी हे आधीच पाहून ठेवलं होतं, फक्त तिथं शिटी नव्हती. उंदीर औषधाशिवाय एकदा जरी त्या चौकावर जाऊन आला, तरी पुढच्या वेळी त्याला औषध लागू पडत नाही. पहिल्या खेपेची भीती आणि दुसऱ्या खेपेची भीती दिसायला सारखी, पण आतून निराळी. पहिल्या वेळी उंदराला ठाऊक नसतं पुढं काय आहे. दुसऱ्या वेळी त्याला ठाऊक असतं. जे ठाऊक झालंय, त्याच्यापुढं बॉनेटवर बसून "सावकाश" म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. हे माझ्या हातून पहिल्यांदा सापडलं असतं तर माझं नाव झालं असतं. नबीभाईंना सराव घ्यायची बुद्धी थोडी उशिराच सुचली, याची मला अजून हळहळ वाटते.

तर उंदीर नवे मागवले, नबीभाईंची शिटी जप्त केली आणि काम रुळावर आणलं. शेळके सर आले ते त्यानंतर. नेहमीसारखे खिडकीशी, पण "शांत हायत ना" न विचारता.

"म्याडम, वैशालीचं लग्न ठरलं."

भूकंपाच्या वेळची लहानगी आता लग्नाची झाली होती. मी अभिनंदन केलं. सरांचा चेहरा काही उजळला नाही.

"वैशाखातलं हाय. पाव्हणे पुण्याचे. ते म्हनतेत उघड्यावर मांडव नको, हाल व्हत्यात. गार हवेचं मंगल कार्यालय पायजे. बरोबर बी हाय त्यांचं. लातूरचं ऊन त्यांना सोसायचं न्हाई." मग खिडकीचा गज धरून म्हणाले, "कन्यादान आत हाय, म्याडम. मी पायरीवरून करू का ते?"

मी म्हटलं, पाहुण्यांना खरं सांगा, समजून घेतील. ते म्हणाले, "पाव्हणे घेतील. वैशालीला काय सांगू? शाळेच्या गॅदरिंगला मी खिडकीतून बघितलं. आजारी पडली तवा दवाखान्याच्या फाटकात उभा होतो. अंगनात झोपायची बापाला सवयच हाय आनी काम बी लई असतंय, असं वाटतंय तिला. मला ती गोळी द्या."

मी उंदरांची डॉक्टर, माणसांना गोळी देण्याचा मला अधिकार नाही. मी त्यांना गावातल्या एका चांगल्या मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. तज्ज्ञांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर. ते खाली आले आणि त्यांनी रिक्षात बसून सरांना तपासलं. थोड्या दिवसांसाठी सौम्य गोळी दिली आणि म्हणाले, नुसत्या गोळीनं होणार नाही, मेहनत करावी लागेल, पुन्हा या. सरांनी पहिला अर्धा भाग ऐकला. गोळी घेऊन ते चाचणीसाठी मंगल कार्यालयावर गेले, सोबत मी आणि नबीभाई. दाराशी आले. चेहरा एकदम निवांत. हात थरथरत नव्हते. कपाळावर घाम नाही. आणि दारात थांबले.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"लई छान," ते म्हणाले. "भीती अजिबात वाटंना."

"मग चला आत."

"आत न्हाई जानार," ते अगदी शांतपणे म्हणाले आणि चपलांच्या कट्ट्यावर बसून झोपी गेले.

परतताना सर पेंगत होते, तरी मी त्यांना नबीभाईंच्या उंदरांची गोष्ट सांगितली. एकदा चौक पाहिलेल्या उंदराला औषध का लागत नाही, ते सगळं. नबीभाईंनी मान खाली घातली होती. सर मात्र खाडकन जागे झाले.

"म्हंजे माझा सराव झालाय," ते म्हणाले. "पन एकाच पेपरचा. आनी तो बी लई वाईट पेपर."

"असं म्हणता येईल."

"एका पेपरवरनं कुनाची तयारी हुती का, म्याडम? पोरांना मी काय सांगतो?" आणि ते मोठ्यानं हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "चांगले पेपर सोडवले पायजेत. सोप्यापासनं अवघडाकडं."

मी तज्ज्ञांना फोन करून विचारलं. ते वैतागून म्हणाले, "मॅडम, मेहनत म्हणजे हेच. मी दुसरं काय सांगत होतो?"

सरांनी स्वतःसाठी पूर्ण सराव मालिका आखली. जसं पोरांसाठी आखायचे तसंच, धडेवार. पहिला धडा पेट्रोल पंपाचं छत, कारण चारी बाजू मोकळ्या. दुसरा, रस्त्याकडेचा बसथांबा. तिसरा, एसटी स्टॅंड. नियमही त्यांचेच. छातीतली धडधड शांत होईपर्यंत उठायचं नाही. ती शांत झाली तरच पेपर सुटला. मी नाडी धरून बसायचे. नबीभाईंना त्यांची शिटी परत मिळाली, ते पर्यवेक्षक. वर बघितलं की गुण कापायचे, हेही सरांनीच ठरवलं. पेट्रोल पंपावर आम्ही तिघं खुर्च्या टाकून बसलो की लोकांना वाटायचं भेसळीची तपासणी चालू आहे. पंपाचा मालक घाबरून रोज चहा पाठवायचा. एसटी स्टॅंडवर सरांचे जुने विद्यार्थी वाकून नमस्कार करायचे आणि नबीभाई शिटी वाजवून त्यांना हाकलायचे, "पेपर चालू हाय, बाजूला व्हा."

किती वेळा नापास झाले. स्टॅंडवर एकदा गाडी मागं घेताना खांबाला घासली तर सर उठून थेट औसा रस्त्यापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी परत पहिला धडा. मला वाटायचं हा माणूस कंटाळेल. पण लातूरच्या मास्तराला एकच पेपर शंभरदा सोडवायचा कंटाळा येत नाही, हे मी विसरले होते.

शेवटचा धडा आमच्या उंदरांच्या घरात. वर अस्सल स्लॅब, एकच दार. इतकी वर्षं खिडकीतून विचारणारा तो माणूस पहिल्यांदा आत आला. पिंजऱ्यांमधून वाट काढून स्टुलावर बसला. नाडी माझ्या बोटांखाली धावत होती. नबीभाई शिटी ओठांत धरून भिंतीकडं बघत उभे होते, त्यांना सरांकडं बघवत नव्हतं. बराच वेळ गेला. नाडी हळूहळू उतरली. सरांनी एका पिंजऱ्याकडं पाहिलं. उंदीर अंगाचं मुटकुळं करून झोपला होता.

"शांत हाय," सर म्हणाले. शिटी वाजवायला नबीभाई विसरले.

लग्नाच्या दिवशी सर नवा फेटा बांधून सकाळीच आले आणि सगळ्यांदेखत मंगल कार्यालयाच्या दारातून आत गेले. त्यांच्या पत्नी, शेळके वहिनी, बघतच राहिल्या. वैशालीला त्यात विशेष काही वाटलं नसावं. बाप लग्नाला आत येणारच. सरांना तेच हवं होतं.

अक्षता पडल्या. कन्यादानाला बसले. जावयाच्या ओंजळीवर वैशालीची ओंजळ, त्यावर सरांची, आणि वहिनी कलशातून पाण्याची धार धरून. भटजींचा मंत्र चालू. एवढ्यात वीज गेली. भारनियमनच ते, लग्न बघून थोडंच थांबणार? कार्यालयवाल्यानं स्टेजच्या मागचा मोठा जनरेटर सुरू केला. आधी घरघर, मग गडगडाट, मग स्टेजच्या फळ्या थरथरायला लागल्या आणि टेबलांवरची भांडी वाजायला लागली.

क्षणात अर्धं कार्यालय रिकामं झालं. जेवढे म्हणून लातूरकडचे होते, तेवढे सगळे बाहेर. म्हातारे, पोरं, आचारी, बॅंडवाले, पोथी काखेत मारून भटजी. वर्षानुवर्षं निवांत स्लॅबखाली झोपून नवऱ्याला हसणाऱ्या शेळके वहिनी कलशासकट बाहेर. नबीभाई बाहेर. आणि भीतीच्या रिसेप्टरांवर उभी हयात घालवलेली मी, रांगेतल्या दोन माणसांच्या पायांवर पाय देऊन सगळ्यांच्या आधी बाहेर. पायात चपला नाहीत, वैशाखाचं ऊन, फरशीवर पाय पोळतायत.

आत फक्त पुण्याचे पाहुणे उरले होते, खुर्च्यांवर चुळबुळ न करता बसलेले. त्यांतल्या एक काकू नंतर मला म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, कन्यादानाच्या वेळी बाहेर जायची तुमच्याकडची पद्धत असेल."

आणि स्टेजवर सर होते. मी दारातून पाहिलं. वैशाली उठायला निघाली होती, तीही लातूरचीच. सरांनी तिची ओंजळ आपल्या हातांत घट्ट धरून ठेवली होती. चेहरा पांढरा फटक, ओठ हलत होते, पण मान खाली. वर एकदाही पाहिलं नाही. मग त्यांनी लिंबाखालून तीन मजल्यांना ऐकू जाणाऱ्या त्याच आवाजात हाक मारली, "या आत सगळे. पेपर सुटला न्हाई अजून. कुनीतरी पानी आना."

आम्ही एकेक करून खाली मान घालून आत आलो. वहिनींनी उरलेली धार धरली.

जेवणं झाल्यावर मी सरांना गाठलं. म्हटलं, "जनरेटर आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

"न्हाई म्याडम. मला वाटलं खराच आला."

"मग भीती नाही वाटली?"

"लई वाटली." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "पयल्या बारीला मी बाहेर होतो आनी माझी मानसं आत होती. ह्या बारीला मी आत होतो."

माझे डोळे भरून आले ते मी लपवलेही नाहीत. सरांनीच जिलबीचं ताट माझ्याकडं सरकवलं आणि विचारलं, "तुमी कुठं होत्या?"

"मी बाहेर," मी म्हटलं.

"सराव कमी पडला," सर म्हणाले आणि वैशालीची पाठवणी करायला उठले.